आकाशाचा की गवताचा

मित्रांनो, डोंगराखालच्या साऱ्या गावांत ज्याला निळा दरवाजा म्हणून ओळखत होते, तो जुना दरवाजा मी. वेल्स देशात, डोंगराच्या खांद्यावर, हाफोद नावाचं एक दगडी घर आहे. त्या घराला दरवाजा एकच, आणि तो मी. आज कुणी मला पाहायला आलं तर विचारील, हा निळा कुठे आहे? खरं आहे. आता मी निळा नाही. ते कसं घडलं तेच सांगायला बसलो आहे. बसलो म्हणजे काय, आम्ही दरवाजे कधी बसत नाही. ओल धरली की चौकटीत घट्ट बसतो, तेवढंच आमचं बसणं.

माझ्या फळ्या ओकच्या. नदीकाठच्या एका म्हाताऱ्या झाडाने त्या दिल्या. जमीनदाराच्या सुतारशाळेत त्या बरेच दिवस माळ्यावर वाळत पडल्या होत्या. मग एका अबोल सुताराने त्यांना रंधा मारला, पाठीमागून आडव्या पट्ट्या ठोकल्या, लोहाराने लांब हातांच्या बिजागऱ्या करून दिल्या आणि घोडागाडीतून मला हाफोदला आणलं. चौकटीत बसवून मला पहिल्यांदा लावलं, तेव्हा वाऱ्याचा आवाज एकदम बंद झाला. आतून एक बाई म्हणाली, "देवा, तुझे उपकार." माझ्यामुळे कुणाच्या तोंडून निघालेलं ते पहिलं वाक्य. पुढे माझी पुष्कळ स्तुती झाली, पण त्या वाक्याची सर कशालाच आली नाही.

त्या काळी तो सगळा डोंगर एका जमीनदाराचा होता. घरंही त्याची आणि मेंढ्यांची कुरणंही त्याचीच. त्याची अशी रीत होती की त्याच्या प्रत्येक कुळाच्या दरवाजाला एकच रंग लागायचा. गडद तपकिरी, वाळलेल्या रक्तासारखा. दूरच्या रस्त्याने जाताना आपली घरं आपल्याला ओळखू यावीत म्हणून. त्याचा माणूस डबे घेऊन यायचा, रंग फासायचा आणि निघून जायचा. कुठला रंग हवा असं कुणी कुळाला विचारत नसे, मग दरवाजाला कोण विचारणार? गणवेशातल्या मुलांसारखे आम्ही सगळे एकसारखे उभे असायचो.

पुढे जमीनदारी मोडली. घरं ज्याची त्याची झाली. हाफोद तिथल्या कुळाच्या, म्हणजे ग्विलिमच्या वडिलांच्या, नावावर आलं, आणि त्याच वर्षी ग्विलिमचं लग्न होऊन तेग्वेन त्या घरात आली. खालच्या खोऱ्यातली मुलगी, अंगाने बारीक, हळू बोलणारी. म्हातारा सासरा मोठ्या मनाचा. रात्रीच्या जेवणाला सगळे बसले असताना त्याने जाहीर केलं की आता दरवाजा आपला, तेव्हा रंगही आपला, आणि तो सुनेने सांगायचा.

मित्रांनो, तेग्वेनला आजवर कुणी असं काही विचारलंच नव्हतं. आईबाप लहानपणीच गेलेले, आत्याने वाढवलेलं. आतेबहिणींना तोकडे झालेले कपडे हिच्या अंगावर यायचे. ते लाल आहेत की करडे, हे पाहायची सोय नव्हती. ती लाजली आणि एकच शब्द बोलली.

"ग्लास."

हा पाणी प्यायचा ग्लास नव्हे हं. तिथल्या भाषेत हा रंगाचा शब्द आहे, आणि मोठा लबाड शब्द आहे. आकाश ग्लास, समुद्र ग्लास, आणि कोवळं गवत तेही ग्लासच. हसू नका. तुम्ही कुंकवालाही तांबडं म्हणता आणि गोठ्यातल्या गाईलाही तांबडी म्हणता. कुंकवाच्या रंगाची गाय कुणी पाहिली आहे का? तसंच हे. दुकानात जाऊन ग्लास मागितला की निळा डबा पुढे येतो. जुनी माणसं मात्र हिरवळीला ग्लास म्हणतात. हिवाळा सरून उतारावर गवत फुटलं की म्हणतात, डोंगर ग्लास झाला.

तेग्वेन आत्याच्या तोंडची भाषा बोलत होती. तिला गवताचा ग्लास हवा होता. ग्विलिमने ऐकला तो दुकानातला.

पुढच्याच आठवड्यात ती आत्याला भेटायला माहेरी गेली. ती परत येईपर्यंत काम उरकून तिला चकित करायचं असं ग्विलिमने मनाशी धरलं. तो डोंगर उतरून शहरात गेला आणि रंगाचा डबा खांद्यावर घेऊन पुन्हा चढून आला. माझा जुना तपकिरी रंग त्याने खरवडून काढला. अस्तर दिलं. मग एक हात, तो वाळल्यावर दुसरा, आणि मन भरेना म्हणून आणखी एक. काम करताना तो प्रार्थनामंदिरातली गीतं अगदी खालच्या पट्टीत म्हणत होता, आणि कुंचला त्या तालावर चालत होता. इतक्या मायेने माझ्या अंगावरून कुणाचा हात फिरला नव्हता. मी निळा झालो, समुद्रासारखा लख्ख निळा. खोटं का बोलू, मला स्वतःला तो रंग फार आवडला.

तेग्वेन आली आणि फाटकाशीच थांबली. ग्विलिम माझ्या शेजारी उभा होता. त्याच्या नाकावर निळा डाग होता आणि चेहरा असा, की जणू आकाशच रंगवून खाली उतरला आहे.

"हा घे तुझा ग्लास," तो म्हणाला.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्या नाकाकडे पाहिलं. "छान झालाय," ती म्हणाली, आणि तोंड फिरवून समोरच्या उताराकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले होते. थोड्या वेळाने ती आत गेली आणि तिने चहाचं आधण ठेवलं.

तिला गवताचाच रंग का हवा होता, हे तिने पुढे आपल्या लेकीला सांगितलं. लेकीचं नाव नेस्ता. पण नेस्ता तेव्हा तान्ही होती. तेग्वेन उंबरठ्यावर बसून तिला पाजत होती आणि पाजता पाजता बोलत होती. नेस्ताचं लक्ष दुधाकडे. ऐकलं ते फक्त मी.

लहानपणी तेग्वेनला घटसर्प झाला होता. घशात पांढरा पडदा धरला होता, श्वास शिट्टीसारखा वाजायचा. शेजारच्या घरातल्या दोघी बहिणी त्याच थंडीत दगावल्या. आत्याने हिला वरच्या खोलीत एकटीला ठेवलं, आपल्या मुलींना जवळ फिरकू दिलं नाही. खिडकीला जाड घोंगडी टांगलेली. पोरीला दिवस कळेना, रात्र कळेना. आणि मग एका सकाळी आत्याने तिला शालीत गुंडाळून उचललं, जिना उतरून खाली आणलं आणि घराच्या दारात उभी राहून म्हणाली, "बघ, डोंगर ग्लास झाला. आता तूही वाचलीस."

म्हणून तो रंग. देवाने आपल्याला वाचवलं, याची ती खूण होती. घराच्या दारातून पाहिलेली, म्हणून ती दारावर हवी होती. एवढंच तिचं मागणं.

तुम्ही म्हणाल, मग तिने सांगितलं का नाही? मीही तेच म्हणत असे. पण मी तिच्या बाजूनेही विचार करून पाहिला आहे. पहिल्या दिवशी नाकावर डाग घेऊन उभ्या असलेल्या नवऱ्याला कसं सांगावं? दुसऱ्या दिवशी सासऱ्याने शेजाऱ्यांना बोलावून दरवाजा दाखवला, तेव्हा कसं सांगावं? जे सांगायला पहिल्या दिवशी एक शब्द पुरला असता, त्याला वर्षभराने वाक्य लागलं असतं आणि दहा वर्षांनी पोतंभर शब्द लागले असते. आणि तेग्वेनकडे शब्दांची शिल्लक फार नव्हतीच.

दर तीन-चार वर्षांनी, मेंढ्यांची लोकर कातरून झाली की ग्विलिम रंगाचा डबा काढायचा. तीच निळी छटा, तीच खालच्या पट्टीतली गीतं. झालं की विचारायचा, "आवडला?" ती म्हणायची, "छान झालाय." हळूहळू साऱ्या पंचक्रोशीत ठरून गेलं की हाफोदच्या तेग्वेनचा आवडता रंग निळा. मग काय विचारता. वाढदिवसाला निळा कप. नाताळला निळी शाल. नेस्ता कमावती झाली तशी निळे पडदे, निळा स्वेटर, निळ्या फुलांचे चिनीमातीचे वाडगे. प्रार्थनामंदिरातल्या बायकांनी मिळून तिला एक गोधडी शिवून दिली, तीही निळी. तेग्वेन प्रत्येक वेळी मनापासून आभार मानायची. माणसांचे मानायची, रंगाचे नव्हे.

माझी मात्र चैन होती. लोक पत्ता सांगताना म्हणायचे, निळ्या दरवाजापासून डावीकडे वळा. धुक्यात वाट चुकलेल्या प्रवाशांना मला दुरून पाहून हायसं वाटायचं. एकदा एक चित्रकार आला आणि दुपारभर माझ्यासमोर स्टूल टाकून बसला. मी फुगून गेलो होतो. ओल नसतानाही फुगलो होतो.

पण सकाळ झाली की माझा ताठा उतरायचा. त्या देशात घरी रोज धर्मग्रंथातला उतारा वाचून प्रार्थना करायची रीत आहे. त्याला ते कर्तव्य म्हणतात. पाहुणा आला तरी विचारतात, आज घरचं कर्तव्य झालं का? तेग्वेनने ते कर्तव्य कधी चुकवलं नाही. बाळंतपणात नाही, सासरा गेला त्या दिवशीही नाही. ती मला सताड उघडायची, बर्फ असो की गारा, आणि उंबरठ्यावर बाहेर तोंड करून उभी राहून स्तोत्र वाचायची. आत चुलीपाशी ग्विलिम बुटांच्या नाड्या बांधत ऐकायचा. वाचून झाल्यावर ती काही वेळ तशीच समोर बघत राहायची. तेव्हा मी भिंतीला टेकलेला असायचो, म्हणजे माझा निळा चेहरा तिच्या पाठीमागे असायचा. दिवसातल्या त्या घडीला तिला मी दिसत नसे. मला ते समजत होतं आणि थोडं लागतही होतं.

अशी वर्षं गेली. माझ्या खालच्या फळ्या पावसाने कुजत चालल्या. ग्विलिमचे गुडघे धरले, त्यामुळे वाकून त्यांच्याकडे पाहणं होईना. रंगाचे पापुद्रे सुटले. खालच्या फटीतून वारा आत शिरायला लागला, तेव्हा तिथे एक जुना टॉवेल कोंबला गेला. तोही निळा. पुढे गोगलगायी आत यायला लागल्या. ज्याने एका काळी वारा थांबवला होता, त्याला आता गोगलगाय थांबवता येईना. मित्रांनो, म्हातारपण असं येतं.

नेस्ता खाली शहरात राहायची. बोलकी, हसरी, आईवर जीव टाकणारी. आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत आली, तेव्हा ती आली आणि माझ्या फटीतला टॉवेल पायाने ढकलून म्हणाली की या घरात आता माणसांनी राहायचं की गोगलगायींनी, ते एकदा ठरवा. मग तिने आपली भेट सांगितली. नवा दरवाजा. प्लास्टिकचा. आत वारा येत नाही, कुजत नाही, फुगत नाही.

"आणि बाबांना पुन्हा कधी रंगवायलाही नको," ती म्हणाली. "जन्मभर निळाच्या निळा. आई, तुझाच रंग."

ग्विलिमला ते पटलं. गुडघ्यांवरून त्याने एक विनोदही केला. तेग्वेनने लेकीचा हात हातात घेतला आणि नुसता थोपटला. नेस्ताला वाटलं, आईला गहिवरून आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला उघडलं, पण पुस्तक उघडलं नाही. मग हलक्या आवाजात देवाशी बोलली. आत ग्विलिम नव्हता, तो मेंढ्यांकडे गेला होता, म्हणून बोलली असेल.

"मी खोटं बोलले नाही, देवा," ती म्हणाली, "पण खरंही बोलले नाही. आता हा नवा दरवाजा आला की तेही राहिलं."

त्या एका वाक्यात तिची सारी कोंडी होती. आजवर तिला वाटत असे, पुढच्या वेळी डबा निघेल तेव्हा सांगू. आता डबाच निघणार नव्हता. बोलावं, तर पन्नास वर्षं ज्याने जीव ओतून कुंचला फिरवला त्या म्हाताऱ्याला काय वाटेल? आपल्या बायकोने आपल्याला इतकी वर्षं फसवलं, असंच ना? आणि न बोलावं, तर मनातली खूण मनातच घेऊन जावं लागणार. माझंही काही बरं चाललं नव्हतं. जुने दरवाजे कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात किंवा चुलीत घालतात, हे मी ऐकून होतो.

माप घ्यायला बेद्विर आला. त्या भागात आडनावं इतकी सारखी असतात की माणसाला त्याच्या कामावरून ओळखतात. हा पूर्वी सुतारकाम करायचा तेव्हा त्याला बेद्विर लाकूड म्हणायचे. प्लास्टिकचे दरवाजे बसवायला लागल्यापासून बेद्विर प्लास्टिक म्हणतात. तो ते हसण्यावारी नेतो, पण माझ्या ओकवर हात ठेवला तेव्हा त्याने तो जरा जास्त वेळ ठेवला.

सगळे दारातच उभे होते. ग्विलिम काठी टेकून, नेस्ता हाताची घडी घालून, तेग्वेन उंबरठ्याच्या आत. बेद्विरने माझी उंची मोजली, रुंदी मोजली आणि म्हणाला की ग्विलिमकाका, पूर्वी दरवाजे माणसाच्या मापाने करायचे, आता माणसं दरवाजाच्या मापाने वाढतात. ग्विलिमने त्याला उलट टोला दिला की तू मात्र सगळ्याच मापांच्या बाहेर वाढला आहेस. हशा झाला. मग बेद्विरने रंगांच्या नमुन्याचा कागद उलगडला आणि सहज, गंमत म्हणून, वर न पाहता विचारलं,

"नेस्ता फोनवर म्हणाली, ग्लास. पण कुठला ग्लास, तेग्वेनकाकू? आकाशाचा की गवताचा?"

मित्रांनो, इतका साधा प्रश्न. इतक्या वर्षांत कुणाच्या तोंडून तो निघाला नव्हता.

"आकाशाचा रे," नेस्ताने परस्पर सांगून टाकलं. "हे काय विचारणं झालं?" बेद्विरने खूण करायला पेन्सिल टेकवलीसुद्धा.

"गवताचा," तेग्वेन म्हणाली.

नेस्ता हसली. आईला नीट ऐकू आलं नसेल असं तिला वाटलं. तिने प्रश्न पुन्हा मोठ्याने विचारला.

"ऐकू आलं मला," तेग्वेन म्हणाली. "गवताचा. पहिल्यापासून गवताचाच."

नेस्ता आईकडे पाहत राहिली. तिच्या डोळ्यांसमोरून एकेक वस्तू जात असावी.

"मग तो निळा स्वेटर?"

"उबदार आहे."

"आणि पडदे?"

"धुवायला सोपे आहेत, बाळा."

"आणि ती गोधडी?"

"गोधडीला काय, झोपल्यावर कुठे दिसते."

बेद्विरने खाली मान घालून हसू दाबलं. नेस्ताला हसावं की रडावं कळेना. पण तेग्वेन त्या दोघांकडे पाहत नव्हती. ती ग्विलिमकडे पाहत होती. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो माझ्याकडे बघत होता, वरपासून खालपर्यंत, जणू पहिल्यांदाच बघतो आहे. मग त्याने खुंटीवरची टोपी काढली, कुत्र्याला शीळ घातली आणि डोंगराच्या वाटेला लागला.

बेद्विरने मोजायची फीत हळूच गुंडाळली आणि नेस्ताला विचारलं की उद्या येऊ की येऊच नको. मग तो फाटक अगदी अलगद लावून गेला. तेग्वेन उंबरठ्यावर बसली. नेस्ता तिच्याजवळ बसली, आणि मग तेग्वेनने तिला घटसर्पाची, घोंगडी टांगलेल्या खिडकीची आणि आत्याच्या शालीची हकिकत सांगितली. या वेळी नेस्ताने ऐकली. ऐकून झाल्यावर तिने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि विचारलं की बाबांना कधीच का नाही सांगितलंस. तेग्वेन म्हणाली की त्यांनी तो डबा खांद्यावरून चढवून आणला होता.

दुपार कलली. ग्विलिमचं जेवण झाकून ठेवलेलं तसंच राहिलं. तेग्वेन उंबरठ्यावरून हलली नाही. नेस्ताने शाल आणून तिच्या खांद्यांवर टाकली. मी काय करू शकत होतो? वारा तिच्या पाठीला लागू नये म्हणून जमेल तितका आड उभा राहिलो. माझ्या मनात सारखं येत होतं की मी कधी निळा झालोच नसतो तर बरं झालं असतं.

सूर्य उताराला टेकला तेव्हा कुत्रं आधी आलं, मग काठीचा आवाज, मग ग्विलिम. तो फाटकाशी थांबला. नेस्ता समजूतदार, उठून आत गेली आणि तिने मला लोटून घेतलं.

"एक विचारतो," तो म्हणाला. "खरं सांगशील?"

तेग्वेनने मान हलवली.

"त्या दिवशी तू माहेराहून आलीस. दार पाहिलंस आणि तोंड फिरवलंस. डोळ्यांत पाणी होतं. ते कशाचं होतं?"

"रंगाचं."

"खोरं सोडून या उघड्या डोंगरावर आलीस, त्याचं नव्हे?"

तेग्वेन चकित होऊन त्याच्याकडे बघायला लागली. ग्विलिम बोलतच राहिला. हा माणूस मेंढ्यांशी जास्त आणि माणसांशी कमी बोलणारा, पण त्या संध्याकाळी त्याच्या तोंडून धरण फुटल्यासारखे शब्द आले. त्या दिवशी त्याने ठरवून टाकलं होतं की या मुलीला इथे येऊन पस्तावा झाला आहे. रोज सकाळी ती दारात उभी राहून बाहेर बघायची, तेव्हा त्याला वाटायचं, ही माहेरच्या रस्त्याकडे बघते आहे. विचारायची हिंमत झाली नाही. ती हो म्हणाली असती तर? म्हणून तो दर खेपेला तो दरवाजा आणखी चांगला रंगवायचा. म्हणजे तरी हे घर तिला आपलं वाटेल.

"माहेरचा रस्ता?" तेग्वेन म्हणाली. "तो मला इथून दिसतसुद्धा नाही, ग्विलिम. तुझा मेंढ्यांचा गोठा आड येतो. तूच बांधलास."

"मग इतकी वर्षं बघत काय होतीस?"

"डोंगर. ग्लास झाला का, ते."

ग्विलिमने टोपी काढली. डोक्यावरून हात फिरवला. "म्हणजे नुसता रंग होता?" त्याने विचारलं.

"नुसता रंग होता," ती म्हणाली.

मग तो खाली बसला. गुडघे दुखत असतानाही, त्या अरुंद उंबरठ्यावर, तिच्याशेजारी. आणि हसायला लागला. आधी आवाज न करता, मग खांदे हलवत, मग डोळे पुसत. तेग्वेनही हसायला लागली. तो म्हणाला की त्याला स्वतःला निळा रंग कधी फारसा आवडला नव्हता, त्या डब्याचा वास डोक्यात जायचा. ती म्हणाली, मग इतकी वर्षं बोलला का नाहीस. तो म्हणाला, तू म्हणत होतीस ना, छान झालाय. हसून दमल्यावर दोघांनी माझ्यावर पाठ टेकली. किती वादळं मी अंगावर घेतली आहेत, पण कुणाचं ओझं इतकं हलकं लागलेलं मला आठवत नाही. आत स्वयंपाकघरात नेस्ताने झाकलेलं जेवण पुन्हा गरम करायला घेतलं, त्याचा वास आला.

पुढचं थोडक्यात सांगतो. प्लास्टिकचा दरवाजा आला नाही. बेद्विर परत आला तो सुतारकामाच्या हत्यारांची जुनी पेटी घेऊन. त्याने माझ्या कुजलेल्या फळ्या खालून कापून काढल्या आणि त्या जागी नवा ओक जोडला. सांधा इतका बेमालूम की माझा मलाच सापडत नाही. गावात काही दिवस त्याला पुन्हा बेद्विर लाकूड म्हणत होते. त्याने मला खरवडलं तेव्हा निळ्याचे थरावर थर निघाले. ते पापुद्रे वाऱ्यावर उडून गेले आणि मला थोडं वाईट वाटलं. थोडंच.

रंग मात्र सहजी जमेना. ग्विलिम उतारावरचं गवत उपटून काड्यापेटीत घालून दुकानात घेऊन जायचा. तिथे पोचेपर्यंत ते सुकायचं, आणि रंग सुकलेल्या गवताचा यायचा. शेवटी तेग्वेनच बेद्विरबरोबर अंगणात बसली आणि डबे समोर ठेवून म्हणत राहिली, थोडा पिवळा घाल, आता थोडा पांढरा, आता पुरे. ती "पुरे" म्हणाली तेव्हा नेस्ताने विचारलं, हाच ना? तेग्वेन म्हणाली, हाच. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आधी मला बाहेरून लावून घेतलं, समोर उभी राहिली, स्तोत्र माझ्याकडे तोंड करून वाचलं, आणि मग आत आली.

त्या भेटवस्तू तिने टाकल्या नाहीत बरं का. गोधडी अजून त्याच पलंगावर आहे. नेस्ताला मात्र आता खोड लागली आहे; ती साध्या चहालाही विचारते, कुठला, कितपत, नक्की ना? ग्विलिम तिला चिडवतो. पण एका सकाळी त्यानेही बायकोला विचारलं की तुला चहात दूध कितपत लागतं. तिने सांगितलं, याच्या निम्मं. पन्नास वर्षांचा चहा त्या दिवशी दुरुस्त झाला.

माझी प्रसिद्धी गेली. हिरव्या डोंगरावर हिरवा दरवाजा कुणाला दिसणार? नवा पोस्टमन दोनदा घरावरून तसाच पुढे निघून गेला. पण हिवाळ्यात सगळा उतार तपकिरी होऊन पडतो, तेव्हा माझ्याइतकं ग्लास तिथे दुसरं काही नसतं, आणि मेंढ्या माझ्याकडे जरा आशेने बघतात.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाचा तरी एक आवडता रंग असेल. आईचा, आजोबांचा, धाकट्या बहिणीचा. तो तुम्हाला ठाऊक आहे, असं तुम्ही ठामपणे सांगाल. तरी एकदा जवळ बसून विचारा. कुठला, आणि का. उत्तराला घाबरू नका. जे मनात धरून माणसं भितात, ते बहुतेक वेळा विचारल्यावर एवढंसं निघतं. आणि विचारून झालं की घरातल्या एखाद्या जुन्या दरवाजाच्या बिजागरीत थेंबभर तेल सोडा, खालच्या फळ्यांवरून एकदा हात फिरवून पाहा. आम्ही करकरतो ते रागाने नव्हे. कुणी विचारावं, एवढंच आमचंही म्हणणं असतं.